मांडी घातली की पाय लुळा पडतो, एचएनपीपी कुणाला माहितीये का?

ठेकेदार
नमस्कार मंडळी. एचएनपीपी नावाच्या आजाराबद्दल मराठीत शोधलं तर हाती काहीच लागत नाही म्हणून धागा काढतोय. पूर्ण नाव हेरेडिटरी न्यूरोपॅथी विथ लायबिलिटी टू प्रेशर पाल्सीज. म्हंजे हातापायाच्या नसांना साधा दाबही सोसत नाही आणि हे घराण्यातूनच आलेलं असतं.

मी बँकेत नोकरीला, चाळिशी जवळ आलीये, आणि आमच्या भजनी मंडळात तबला वाजवतो. (आयडी बघून रस्त्यातल्या खड्ड्यांवरून मला शिव्या घालू नयेत, मागच्या धाग्यावर घालून झाल्यात.) आषाढीचा जागर होता, रात्रभर मांडी घालून बसलो आणि पहाटे आरतीला उठलो तर डावं पाऊल वर उचलेचना. मुंग्या आल्या असतील म्हणून पाय झटकायला गेलो पण झटकायला पाऊल हललं तर पाहिजे! दुखत अजिबात नव्हतं. घरी जाताना डाव्या पायातली चप्पल मागे राहिली ते मला दहा पावलांनी कळलं, तेसुद्धा मागून येणाऱ्या बुवांनी हाक मारली म्हणून.

मग पहिला कंबरेचा एमआरआय. त्यात या वयात बऱ्याच जणांची निघते तशी एक गादी जरा सरकलेली निघाली आणि सगळे तिथेच अडकले, एका ठिकाणी तर ऑपरेशनची तारीखसुद्धा द्यायला निघाले होते. बायकोने हट्ट धरला म्हणून दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्या बाईंनी एमआरआयचं पाकीट बाजूला ठेवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, हाताला असं कधी झालंय का? तेव्हा एकेक आठवायला लागलं. कॉलेजात परीक्षेच्या दिवसांत टेबलावर कोपर टेकून वाचायचो तेव्हा करंगळी आणि शेजारचं बोट महिनाभर बधिर होतं. नंतर एकदा एसटीत पुढच्या सीटच्या दांडीवर हात टाकून झोपलो आणि उतरलो तेव्हा मनगट लोंबत होतं. दोन्ही आपोआप बरं झालं म्हणून विसरून गेलो होतो. आईच्या दोन्ही मनगटांचं कार्पल टनलचं (मनगटात नस दबते त्याचं) ऑपरेशन झालंय आणि तरी तिची बोटं अजून झोपतात. आणि आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पाय आपटत चालायचे. बैलाने लाथ मारली होती असं घरात सांगायचे, खरं काय ते आता कोण सांगणार.

एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातात ते मोजायची टेस्ट) झाली, नंतर रक्ताची जनुकीय टेस्ट झाली आणि नाव कळलं. पाऊल दसऱ्यापर्यंत बऱ्यापैकी परत आलं, अंगठा अजून थोडा आळशी आहे.

प्रश्न असे की १) इथे अजून कुणाला आहे का? २) जमिनीवर बसणं कायमचं बंद का? ३) मुलगी बारा वर्षांची आहे, तिची टेस्ट करावी का?

स्वरदा७
पहिल्यांदाच ऐकतेय. वाचतेय.

नाना_सदाशिव
बी१२ तपासलं का? आपल्याकडे शाकाहारी माणसाला मुंग्या म्हटलं की बरेचदा तेच निघतं. माझ्या साडूला पाच इंजेक्शनांत फरक पडला.

ठेकेदार
नाना, पहिल्याच आठवड्यात तपासलं. बी१२, साखर, थायरॉइड सगळं नॉर्मल. तरी इंजेक्शनं घेतली, ढिम्म फरक नाही.

अक्षतंतू
न्यूरोलॉजी हाच माझा विषय, पण इथे कुणाला औषध सांगणार नाही, फक्त भानगड काय आहे ते सांगते.

मेंदू आणि मज्जारज्जूतून बाहेर पडून हातापायांत जाणाऱ्या ज्या नसा असतात त्यांच्या बऱ्याच तंतूंभोवती श्वान पेशी मायलिनची गुंडाळी घालतात, वायरवरच्या कोटिंगसारखी. ही गुंडाळी घट्ट बसावी म्हणून काही खास प्रथिनं लागतात, त्यातलं एक पीएमपी२२. त्याचं जनुक १७ नंबरच्या गुणसूत्रावर असतं, एक प्रत आईकडून एक वडिलांकडून. एचएनपीपीच्या बहुतेक रुग्णांत एका गुणसूत्रावरचा डीएनएच्या साधारण १५ लाख अक्षरांचा तुकडाच गायब असतो आणि त्याच्याबरोबर पीएमपी२२ची ती प्रतही जाते. (थोड्या लोकांत तुकडा जागेवर असतो पण जनुकातच बिघाड असतो.) उरलेली प्रत चांगली असते, काम करते, पण एकटीच्या जिवावर प्रथिन पुरेसं बनत नाही. मग मायलिन काही ठिकाणी दुमडून जाड गाठीसारखं होतं, आणि नस जिथे हाडावरून किंवा चिंचोळ्या वाटेतून जाते तिथे जरा दाब पडला की संदेश अडतो. आतला तंतू बहुतेक वेळा शाबूत असतो म्हणून काही दिवसांत, आठवड्यांत किंवा महिन्यांत ताकद परत येते. प्रत्येक वेळी पूर्ण येईलच असं मात्र नाही, आणि वारंवार झालं तर थोडी थोडी कसर मागे राहते.

गंमत म्हणजे त्याच जागी तुकडा जाण्याऐवजी जास्तीचा आला आणि पीएमपी२२च्या तीन प्रती झाल्या तर वेगळाच आजार होतो, शार्को-मारी-टूथचा १ए प्रकार. पोटऱ्या बारीक, तळव्याची कमान उंच, हळूहळू वाढत जाणारा. म्हणजे प्रथिन कमी पडलं तरी नडतं आणि जास्त झालं तरी नडतं. या तुकड्याच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच मजकूर असल्यामुळे बीजपेशी बनताना गुणसूत्रांची जोडी सरकून चुकीची जुळते, मग एकीला तुकडा जास्तीचा मिळतो आणि दुसरीला मिळतच नाही. जास्तीचा तुकडा १९९१ मध्ये सापडला, गायब तुकडा १९९३ मध्ये.

आजार मात्र त्याच्या आधीपासून माहीत होता. १९४७ मध्ये द यॉंग नावाच्या डच डॉक्टरने एका घराण्याबद्दल लिहिलं, शेतात गुडघ्यावर बसून बटाटे काढले की त्यांचे पाय लुळे पडायचे.

शेतकरी_मनोज
बटाटे? आमच्याकडे कांदा लावणीला बाया दिवस दिवस उकिडव्या बसतात. एक चुलती आहे माझी, लावणी झाली की दर साली तिचा पाय पडतो आणि महिन्या-दीड महिन्यात चांगला होतो. बाहेरचं काहीतरी आहे म्हणून दोनदा उतारा झाला. ताई, हे तेच का?

अक्षतंतू
मनोज, न तपासता सांगता येणार नाही. तासन्‌तास उकिडवं बसलं तर धडधाकट माणसाचीही ती नस दबते, त्यासाठी जनुकात बिघाड असायलाच हवा असं नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोटाने चाचपून बघा, एक छोटं गोल हाड लागेल. त्याच्या मानेला वळसा घालून पाऊल उचलणारी नस जाते, वर कातडी आणि थोड्या चरबीशिवाय फारसं काही नसतं. मांडी, उकिडवं, पायावर पाय टाकून बसणं, सगळ्याचा दाब तिथेच. पण दरवर्षी होतंय, आणि घरात अजून कुणाला हाताचं-पायाचं असं झालेलं असेल, तर एनसीव्ही नक्की करा. आणि झपाट्याने वजन उतरलेल्यांनाही हे होतं, तिथली चरबीची गादी जाते म्हणून. एचएनपीपीवाल्यांनी क्रॅश डाएट करू नये ते त्यासाठीच.

रानवाटा
मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून जन्मभर विदर्भात सायकलवर फिरलो, आता रिटायर. या धाग्यावर एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही ती बोलतो. आपल्या देशात पाऊल पडलं, करंगळी वाकडी झाली, मनगट पडलं की आधी कुष्ठरोग नाही ना हे बघायलाच पाहिजे. कारण तोसुद्धा याच नसा धरतो, कोपरामागची, गुडघ्याबाहेरची. चट्टा असतोच असंही नाही, नुसत्या नसांचा कुष्ठरोग मी कितीतरी पाहिला. आम्ही काय करायचो, कोपरामागच्या खोबणीत दोन बोटं घालून नस चाचपायची, दोन्ही हातांची, जाड लागते का, दाबल्यावर माणूस कळवळतो का. मग मानेवर कानाखाली. मग कातडीला पेनाचं टोक लावून डोळे मिटून विचारायचं, कुठं लावलं दाखव. नस जाड, दुखरी आणि त्या भागात गरम-थंड कळत नाही, तर पुढची तपासणी लगेच. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि वेळेत घेतलं तर हातपाय वाचतात.

लोक काय करतात, डॉक्टरनी कोपर चाचपलं आणि तो शब्द उच्चारला की उठून निघून जातात. मग दोन वर्षांनी बोटं आखडल्यावर येतात. तेव्हा एचएनपीपीचं नाव नेटवर वाचलं म्हणून आपलं आपण ठरवून टाकू नका. ठेकेदार, तुमचं हे बघितलं होतं ना?

ठेकेदार
हो काका, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. त्या बाईंनी कोपर, गुडघा, मान सगळं चाचपलं, मला आधी कळेचना पायाच्या दुखण्यात मान कशाला. स्पष्ट सांगितलं की कुष्ठरोग बघतेय आणि बघितल्याशिवाय सोडणार नाही. आई शेजारी बसली होती, तिचा चेहरा उतरला. नसा जाड नव्हत्या, चट्टे नव्हते.

रानवाटा
चांगल्या डॉक्टर आहेत.

मीनू_न्यूजर्सी
मला आहे! इथे कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. मूळची कोल्हापूरची, आता बारा-तेरा वर्षं न्यूजर्सीत. माझं पहिल्या बाळंतपणानंतर कळलं. एपिड्युरल (पाठीतून दिलेली भूल) होतं त्यामुळे बराच वेळ पाय एकाच पोझिशनमध्ये धरलेले कळलंच नाही आणि दुसऱ्या दिवशी उजवं पाऊल गायब. आधी सगळे म्हणाले एपिड्युरलमुळे. तपासणीत निघालं हे. दुसऱ्या वेळी भुलीच्या डॉक्टरांना आधीच लिहून दिलं, त्यांनी गुडघ्यांखाली उशा लावल्या, दर थोड्या वेळाने पोझिशन बदलली, काही झालं नाही. तेव्हा ज्यांना आहे त्यांनी कुठल्याही ऑपरेशनच्या आधी हे सांगाच, मग ते दाताचं का असेना, टेबलावर हात कुठे लटकतोय ते आपल्याला झोपेत कळत नाही.

@ठेकेदार, कोपराखाली उशी घेऊन झोपते मी. लॅपटॉपसमोर टेबलाच्या कडेला जाड फोम चिकटवलाय. पर्स खांद्याला लावत नाही, कारण एकदा प्रवासात जड बॅग खांद्यावर घेऊन अख्खा हात गेला होता दोन आठवडे. फोन कानाला धरून कोपर दुमडून तासभर आईशी गप्पा बंद, आता स्पीकरवर, सगळ्या घराला माहेरची भांडणं कळतात.

स्वरदा७
एनसीव्ही दुखते का हो? सासूबाईंना सांगितलीये, त्या करंटच्या नावाने घाबरल्यात.

ठेकेदार
दुखते म्हणण्यापेक्षा दचकायला होतं. मनगटावर, कोपरावर, गुडघ्यापाशी कातडीवर यंत्राचं टोक लावून टकटक झटके देतात, आपला अंगठा आपल्याला न विचारता उडतो. मी मनातल्या मनात मात्रा मोजत होतो, टेक्निशियन लयीत कच्चा निघाला. :) सुईवाली ईएमजी (स्नायूंची टेस्ट) जरा जास्त दुखते पण ती प्रत्येकालाच करतात असं नाही. त्यांना सांगा हातपाय गरम ठेवून जा, गार हाताला संदेश मुळातच हळू जातात आणि रिपोर्ट उगाच बिघडलेला दिसतो.

माझ्या रिपोर्टमधलं मला जे सगळ्यात नवल वाटलं ते असं की डाव्या पायाची तक्रार घेऊन गेलो आणि दोन्ही मनगटांत, दोन्ही कोपरांत वेग मंद निघाला, जिथे त्या वेळी मला काहीही त्रास नव्हता. तिथेच बाई म्हणाल्या की हे एका पायाचं दुखणं नाही.

अक्षतंतू
हेच बघायचं असतं. एका ठिकाणी दाबली गेलेली नस आणि अंगभर सगळ्याच चिंचोळ्या जागी मंदावलेल्या नसा यांत फरक आहे. आई-वडिलांपैकी ज्यांना कधीच काही झालं नाही त्यांची एनसीव्ही केली तरी पुष्कळदा असंच निघतं.

गुळवेल_नॅचरल
नसांच्या सर्व आजारांवर १००% खात्रीशीर चूर्ण, एका महिन्यात फरक, संपर्क

अ‍ॅडमिन
वरच्या प्रतिसादातला फोन नंबर काढला आहे. आयडी बंद केला आहे.

वैद्य_मंजिरी
आयुर्वेदाच्या नावावर असले लोक येतात त्याचं वाईट वाटतं. माझ्याकडे पाय लुळा म्हणून येणाऱ्यांना मी हलका अभ्यंग सांगते पण ज्याला एचएनपीपी आहे त्याच्या कोपरामागे, गुडघ्याबाहेर अंगठ्याने रगडून मसाज मुळीच नको, आधीच न सोसणाऱ्या नसेवर अजून दाब. गावाकडे नस 'उतरवणारे' असतात त्यांच्याकडे तर अजिबात जाऊ नका.

फिजिओ_केतकी
अनुमोदन मंजिरीताई. पाऊल पडलेलं असताना काय करायचं ते लिहिते. एएफओ म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकचा एल आकाराचा पट्टा मिळतो, पोटरीमागून तळव्याखाली जातो, बुटात घालायचा. आपल्याकडे पंचाईत अशी की आपण घरात अनवाणी, देवळात अनवाणी, बाहेर चपला, आणि एएफओ चपलेत बसत नाही. माझे निम्मे पेशंट घरी आल्यावर तो काढून ठेवतात आणि उंबऱ्याला अडखळून पडतात. घरात वापरायला पायाचा चवडा वर ओढून धरणारा इलॅस्टिकचा पट्टा मिळतो तो घ्या, आणि पोटरीचा वरचा पट्टा गुडघ्याबाहेरच्या त्या हाडावर घट्ट बसत नाही ना हे आधी बघा, नाहीतर इलाजानेच नस दाबायची. घोट्याचं स्ट्रेचिंग रोज करा, पाऊल लोंबत राहिलं तर टाच आखडते.

कडूकारले
सगळं ठीक आहे पण ठेकेदारांच्या तिसऱ्या प्रश्नावर सगळे गप्प. मी सरळ बोलतो. मुलीची टेस्ट करू नका. कागदावर आलं की उद्या लग्नाच्या बाजारात तोच कागद आडवा येणार. आपल्याकडे मुलीला चष्मा असला तरी लेन्स लावून फोटो काढतात.

मीनू_न्यूजर्सी
आणि नवऱ्याला लग्नानंतर कळलं की? मी ज्याच्याशी लग्न केलं त्याला तर कळायच्या आधी मलाच माहीत नव्हतं, तरी दोन वर्षं सासूबाई 'आमच्यापासून लपवलं' म्हणत होत्या. माहीत असून लपवलं असतं तर काय झालं असतं? ५० टक्के शक्यता असते प्रत्येक मुलात जायची, मुलगा असो की मुलगी. ज्याच्याबरोबर मुलं होणार त्याला हे कळायला नको?

कडूकारले
तत्त्व बरोबर आहे हो ताई. तुम्ही न्यूजर्सीत आहात, मी सांगली जिल्ह्यात दोन बहिणींची लग्नं जमवलीत.

नाना_सदाशिव
दोघंही बरोबर आहात, भांडू नका. मुलगी बारा वर्षांची आहे, लग्नाचं आत्ता कशाला?

अक्षतंतू
नाना नेमकं बोललात. मूल लहान आहे, त्याला काही त्रास नाही आणि टेस्ट करून आत्ता उपचारात काही बदलणार नाही, अशा वेळी आम्ही शक्यतो थांबतो. मोठी झाल्यावर तिला स्वतःला ठरवू द्यावं. त्रास सुरू झाला तर मात्र करावी, नाहीतर तिच्याही कंबरेचा एमआरआय काढत बसतील. दरम्यान काळजी घ्यायला रिपोर्टची गरजच नाही, कोपर टेकू नकोस, पाय बदलत बस, एवढं सांगायला काय लागतं. एक गोष्ट मात्र आजच लिहून ठेवा: कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध देतात, ते एचएनपीपी असलेल्यांना टाळतात, नसा फार वाईट रीतीने बिघडू शकतात. कुटुंबात कुणावरही तशी वेळ आली तर डॉक्टरांना घराण्यातला हा आजार सांगायचा.

लग्नाबद्दल माझं मत विचाराल तर सांगावं, आणि नीट सांगावं. आयुष्यमान याने कमी होत नाही. पुष्कळ जणांना जन्मभरात एखाददोनदा त्रास होतो, काहींना कधीच नाही. 'नसांचा आनुवंशिक आजार' एवढंच पसरलं तर लोक व्हीलचेअर डोळ्यासमोर आणतात.

ठेकेदार
मुलगी भरतनाट्यम शिकते. अरमंडीत (गुडघे बाहेर वाकवून अर्धं) बसतात त्याचं काय?

अक्षतंतू
नाच बंद करू नका. हलत्या शरीराला हे सहसा नडत नाही, एकाच अवस्थेत खिळून राहणं नडतं. तिच्या गुरूंना एवढंच सांगा की पाय बधिर वाटला तर तिला मध्येच उठायची मुभा असू दे.

ठेकेदार
धन्स ताई. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली तू टेस्टचा विषय सहा वर्षं काढू नकोस.

आणि आता दुसऱ्या प्रश्नाचं मीच लिहितो कारण त्यावर थोडा मार्ग सापडलाय. तबला-डग्गा ठेवायला लोखंडी स्टँड करून घेतला, मी खुर्चीवर बसतो. पहिल्या एकादशीला मंडळातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, देवासमोर खुर्ची कसली म्हणून. बुवांनीच त्यांना गप्प केलं, म्हणाले त्याचा पाय गेला तर ठेका तुम्ही धरणार का. खुर्चीवर डग्ग्याची घुमक नीट येत नाही ही तक्रार माझी स्वतःची आहे, मनगटाचा दाब वेगळा पडतो. मनगटाचंही जपायचंच आहे म्हणा, ते सलग वाजवणं हासुद्धा ताणच, म्हणून दोन अभंगांनंतर पखवाजवाल्याला पुढे करतो. त्याला तर आनंदच झालाय.

स्वरदा७
बुवा भारी!

पाटलीण_बाई
अख्खा धागा वाचला. माझ्या वहिनीला दोन्ही हातांना कार्पल टनल सांगितलंय, वय फक्त सव्वीस, मधुमेह नाही, थायरॉइड नाही. तिच्या भावाचं मनगट एकदा पडलं होतं मोटारसायकलवरून लांब जाऊन आल्यावर. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. एवढ्यावरून शंका घ्यावी का? आणि टेस्ट कुठली सांगायची, मोठी जनुकांची असते ती का?

अक्षतंतू
शंका घेण्याजोगं आहे. ऑपरेशनच्या आधी हातांबरोबर पायांचीही एनसीव्ही करून घ्या. फक्त मनगटात अडथळा असेल तर एक गोष्ट, कोपर आणि गुडघ्यालाही मंद निघाला तर वेगळी. एचएनपीपी असलं तर कार्पल टनलच्या ऑपरेशनचा फायदा होईलच याची खात्री नसते आणि कोपराची नस हलवून बसवण्याचं ऑपरेशन तर फार जपून ठरवतात, आधी रात्री मनगटाला स्प्लिंट लावून बघतात.

टेस्टचं म्हणाल तर पीएमपी२२ची एमएलपीए (जनुकाच्या प्रती मोजणारी टेस्ट), असं नावानिशी लिहून घ्या. एक्झोम नावाची मोठी महाग टेस्ट आहे ती जनुकातली अक्षरं वाचते, अख्खा तुकडाच गायब असेल तर तिच्यातून निसटू शकतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. साधं रक्त लागतं. भावालाही बरोबर न्या.

पाटलीण_बाई
भाऊ पुण्यात असतो, त्याला आत्ताच फोन केला. म्हणतोय दुसऱ्या हातालाही मध्ये दोन-तीनदा झालं होतं, कुणाला सांगितलं नाही. सोमवारी दोघांनाही घेऊन जाते, रिपोर्ट आला की इथेच लिहीन.